जोडीने युरोप : एका सहलीचा इतिहास

पॅरिस, स्वित्झर्लंडची हिमशिखरे, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम आणि राइन नदीचा काठ. युरोप पाहायला निघालेल्या नवरा-बायकोच्या कार्यक्रमात आजही हीच नावे असतात. ही यादी एखाद्या टूर कंपनीने ठरवलेली नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधील सरदार घराण्यांनी आपल्या मुलांसाठी जी वाट आखली, तीच थोड्याफार फरकाने साडेतीनशे वर्षे चालत आली आहे. वाट तीच राहिली, तिच्यावरून जाणारी माणसे बदलत गेली. आरंभी तो गडगंज घरातल्या तरुण पुरुषाचा शिक्षणप्रवास होता. पुढे त्या वाटेवर नवविवाहित जोडपी आली, मग दुकानदार आणि शिक्षक, मग पगारी सुट्टी मिळालेले कामगार, आणि शेवटी समुद्रापलीकडून आलेले पाहुणे. दोघांनी बरोबर जाऊन परकी शहरे पाहणे आज अगदी साधे वाटते. ते कसे रूढ झाले याचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी आगबोट, रेल्वे, मार्गदर्शक पुस्तक आणि सुट्टी यांचा इतिहास आहे.

सरदारपुत्रांची वाट

‘ग्रँड टूर’ हा शब्दप्रयोग रिचर्ड लॅसल्स या इंग्रज कॅथलिक धर्मगुरूच्या इटलीविषयीच्या पुस्तकात प्रथम छापला गेला. ते पुस्तक १६७० साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. लॅसल्सने स्वतः शिक्षक म्हणून श्रीमंतांच्या मुलांना इटलीत फिरवले होते. विद्यापीठातून बाहेर पडलेल्या मुलाने दोन-तीन वर्षे फ्रान्स आणि इटलीत काढावीत, भाषा, शिष्टाचार, तलवारबाजी आणि नृत्य शिकावे, प्राचीन रोमचे अवशेष डोळ्यांनी पाहावेत आणि मग घरी येऊन जमीनजुमला व राजकारण सांभाळावे, अशी ही कल्पना होती. मुलाबरोबर एक शिक्षक आणि एक-दोन नोकर असत. पैसे रोख न नेता सावकाराचे पत्र नेले जाई. आपल्याकडच्या हुंडीसारखे हे पत्र पॅरिसच्या किंवा रोमच्या पेढीवर दाखवले की तिथल्या चलनात रक्कम हाती पडे.

डोव्हरहून कॅले, तिथून पॅरिस आणि पुढे आल्प्स हा नेहमीचा मार्ग. खरी कसोटी आल्प्समध्ये लागे. माँ सेनी घाटाच्या पायथ्याशी घोडागाडी सुटी करत, तिचे भाग खेचरांवर लादत आणि प्रवाशाला दांड्यांना बांधलेल्या खुर्चीत बसवून गावातले हमाल घाटापार नेत. पलीकडे उतरल्यावर गाडी पुन्हा जोडली जाई. त्यानंतर तुरीन, फ्लॉरेन्स, रोम आणि नेपल्स. परतीच्या वाटेवर व्हेनिस, व्हिएन्ना, ड्रेस्डेन, बर्लिन आणि अॅमस्टरडॅम यांपैकी जमेल ते. १७३८ साली हर्क्युलेनियमचे आणि १७४८ साली पाँपेईचे उत्खनन सुरू झाल्यावर नेपल्सचे आकर्षण आणखी वाढले.

या प्रवासाने युरोपातल्या शहरांना पाहुणचाराचा धंदा शिकवला. रोममध्ये अवशेष दाखवणारे वाटाडे तयार झाले. पोम्पेओ बातोनीसारखे चित्रकार पाहुण्यांची व्यक्तिचित्रे प्राचीन पुतळ्यांच्या पार्श्वभूमीवर रंगवून देत. व्हेनिसमध्ये कानालेत्तो कालव्यांची आणि चौकांची जी चित्रे काढी, त्यांची बहुतेक गिऱ्हाइके इंग्रज होती आणि त्यांची विक्री जोसेफ स्मिथ हा तिथला इंग्रज व्यापारी सांभाळी. पिरानेसीची रोमची छापील दृश्येही पाहुणे आठवण म्हणून घेऊन जात. या भेटींतून मोठी कामेही उभी राहिली. एडवर्ड गिबनने आपल्या रोमच्या इतिहासाची कल्पना सुचली तो दिवस १५ ऑक्टोबर १७६४ असा नोंदवून ठेवला आहे. जर्मन कवी गटे १७८६ साली कोणालाही न सांगता इटलीला निघाला आणि १७८८ साली परतला, तो नव्या दृष्टीने लिहू लागला.

याच काळात एक महत्त्वाचा बदल झाला. राजवाड्यांतले कलासंग्रह लोकांसाठी खुले होऊ लागले. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातील शेवटची वारस आना मारिया लुइझा हिने १७३७ साली करार करून घराण्याचा सारा संग्रह राज्याला देऊन टाकला. त्यातली एकही वस्तू शहराबाहेर जाऊ नये, अशी तिची अट होती. संग्रह राज्याची शोभा वाढवील, लोकांच्या उपयोगी पडेल आणि परक्यांचे कुतूहल खेचून घेईल, हा हेतू करारातच लिहिलेला आहे. पर्यटन हे शहराच्या भल्याचे साधन असू शकते, हे इतक्या लवकर आणि इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी ओळखले असेल. १७६९ साली उफ्फिझी संग्रहालय जनतेला खुले झाले. १७९३ साली पॅरिसचे लूव्हर उघडले. जे पूर्वी शिफारसपत्र घेऊन येणाऱ्या सरदारालाच दिसे, ते आता कोणालाही पाहता येणार होते.

बायका या प्रवासात अपवादानेच दिसतात. ज्या दिसतात त्या बहुधा नवऱ्याच्या कामासाठी निघालेल्या असतात. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू १७१६ साली राजदूत म्हणून नेमणूक झालेल्या नवऱ्याबरोबर रॉटरडॅम, कोलोन आणि व्हिएन्नामार्गे कॉन्स्टँटिनोपलला गेली. तिची प्रवासपत्रे १७६३ साली, तिच्या मृत्यूनंतर छापली गेली आणि पुष्कळ वाचली गेली. बाईने पाहिलेला युरोप पुरुषाने पाहिलेल्या युरोपापेक्षा वेगळा असतो, हे त्या पत्रांतून वाचकांना कळले. घरांचे अंतर्भाग, पोशाख, स्नानगृहे, बाळंतपणाच्या चाली असे तपशील ती टिपत होती. शिक्षकाबरोबर फिरणाऱ्या मुलांना तिथे प्रवेशच नव्हता.

युद्ध संपल्यावर

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धांनी ही वाट जवळजवळ पंचवीस वर्षे बंद पाडली. १८१५ साली नेपोलियनचा पाडाव झाला आणि इंग्रज प्रवासी पुन्हा इंग्लिश खाडी ओलांडू लागले. पण आता येणारे लोक वेगळे होते. व्यापार आणि कारखानदारीतून पैसा मिळवलेली कुटुंबे त्यांत होती, बायका-मुली होत्या आणि नुकतीच लग्न झालेली जोडपीही होती.

लग्नानंतरच्या प्रवासाची चाल इंग्लंडच्या वरच्या वर्गात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. तिचे पहिले रूप आजच्या मधुचंद्रासारखे नव्हते. लग्नाला येऊ न शकलेल्या नातेवाइकांकडे नव्या जोडप्याने जाऊन यायचे, असा तो दौरा असे आणि बरोबर एखादी बहीण किंवा मैत्रीणही असे. हळूहळू नातेवाईक मागे पडले आणि दोघांनीच जायचे ठरू लागले. ऐपत असलेल्यांसाठी जायची जागा तयारच होती, ती म्हणजे ग्रँड टूरची वाट. वडिलांनी तरुणपणी एकट्याने जे पाहिले होते, ते मुलगा आता बायकोबरोबर पाहू लागला.

या वाटेवरची काही जोडपी साहित्याच्या इतिहासात कायमची राहिली. कवी पर्सी शेली आणि मेरी गॉडविन १८१४ च्या जुलैमध्ये घरातून पळून गेले. युद्धाने उजाड झालेल्या फ्रान्समधून ते कधी पायी, कधी खेचरावर, असे स्वित्झर्लंडला पोचले. तिथे पैसे संपले, तेव्हा राइनमधून बोटीने परत फिरणे सर्वांत स्वस्त पडेल म्हणून त्यांनी ती वाट धरली. सहा आठवड्यांच्या या प्रवासाचे छोटे पुस्तक १८१७ साली निघाले. एलिझाबेथ बॅरेट आणि रॉबर्ट ब्राउनिंग यांनी १२ सप्टेंबर १८४६ रोजी लंडनमध्ये गुपचूप लग्न केले आणि आठवडाभरात ते पॅरिसमार्गे इटलीला निघाले. एलिझाबेथ वर्षानुवर्षे आजारी होती आणि तिच्या वडिलांना मुलांची लग्ने मुळीच मान्य नव्हती. पिसा येथे हिवाळा काढून दोघे फ्लॉरेन्सला आले आणि तिथेच राहिले. १८६१ साली एलिझाबेथ तिथेच वारली. त्यांच्यासाठी इटलीचा प्रवास म्हणजे पाहणे आणि फिरणे एवढाच नव्हता. घरच्या माणसांच्या धाकाबाहेर दोघांना संसार मांडता येईल अशी ती जागा होती.

जॉन रस्किन आणि एफी ग्रे यांची गोष्ट निराळी आहे. १८४८ च्या एप्रिलमध्ये त्यांचे लग्न झाले, पण त्या वर्षी युरोपभर क्रांतीचे वणवे पेटले होते आणि लांबचा प्रवास पुढे ढकलावा लागला. १८४९ च्या नोव्हेंबरमध्ये दोघे व्हेनिसला पोचले, तेव्हा ऑस्ट्रियाच्या वेढ्यापुढे शहराने शरणागती पत्करून काही महिनेच झाले होते. रस्किन दिवसभर मोजपट्टी घेऊन वाड्यांच्या कमानी आणि खांब मोजी, त्यांची चित्रे काढी. त्यातून त्याचा व्हेनिसच्या वास्तुकलेवरचा तीन खंडांचा ग्रंथ १८५१ ते १८५३ या काळात प्रसिद्ध झाला. एफी त्याच वेळी शहरातल्या माणसांत वावरत होती, मेजवान्यांना जात होती आणि घरी सविस्तर पत्रे लिहीत होती. नवऱ्याच्या पुस्तकात दगडांचे व्हेनिस आहे, तर बायकोच्या पत्रांत माणसांचे. त्यांचा विवाह १८५४ साली रद्दबातल ठरला, पण एकाच शहराची ही दोन टिपणे एकमेकांना पुरी करतात. जोडीने पाहण्याचा अर्थ दोघांना एकच दिसणे असा नसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

खिशातला वाटाड्या

शिक्षक आणि नोकर यांच्याशिवाय निघालेल्या जोडप्याला वाट कोण दाखवणार? ही गरज मार्गदर्शक पुस्तकांनी भागवली. या प्रकाराचा पाया मरियाना स्टार्क या बाईने घातला. आजारी नातलगाच्या शुश्रूषेसाठी इटलीत राहिलेल्या मरियानाने १८०० सालापासून लिहिलेल्या पुस्तकांत खाणावळींचे दर, पारपत्रे, कपडे धुण्याचा खर्च आणि सोबत न्यायच्या औषधांची यादी दिली. चित्रांपुढे ती उद्गारचिन्हे छापी. जितकी चिन्हे जास्त, तितके चित्र मोलाचे. १८३६ साली लंडनच्या जॉन मरेने आपली मार्गदर्शक पुस्तके काढायला सुरुवात केली आणि कोब्लेन्झच्या कार्ल बेडेकरने त्याच सुमारास जर्मन भाषेत तेच काम हाती घेतले. १८४० च्या दशकात बेडेकरने उद्गारचिन्हांच्या जागी तारे आणले. हॉटेलांना आणि प्रेक्षणीय स्थळांना तारे देण्याची जी पद्धत आज जगभर आहे, तिचे मूळ इथे आहे.

बेडेकरच्या काटेकोरपणाची एक हकीकत सांगितली जाते. मिलानच्या कॅथीड्रलच्या छतावर चढताना एका प्रवाशाला पुढे चाललेला एक गृहस्थ दर काही पायऱ्यांनी एका खिशातून काहीतरी काढून विजारीच्या खिशात टाकताना दिसला. ते वाटाणे होते. दर वीस पायऱ्यांना एक वाटाणा या खिशातून त्या खिशात जाई, म्हणजे वर पोचल्यावर पायऱ्यांचा हिशेब चुकायला नको. तो गृहस्थ म्हणजे बेडेकर. लाल बांधणीचे हे पुस्तक हातात असले की कोणता रखवालदार किती बक्षिशी मागेल, कोणत्या चर्चमध्ये उजेड सकाळी चांगला असतो, हे आधीच कळे. अनोळखी शहरात कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे.

त्याच वेळी अंतरे आक्रसली. १८२० च्या दशकात इंग्लंड आणि फ्रान्समधल्या खाडीत आणि राइन नदीत आगबोटी नियमित धावू लागल्या. १८४६ साली व्हेनिस रेल्वेपुलाने मुख्य भूमीला जोडले गेले. २२२ कमानींचा हा पूल होईपर्यंत व्हेनिसमध्ये शिरण्याचा एकच मार्ग होता, पाण्याचा. १८७१ साली फ्रान्स आणि इटली यांच्यामधला सुमारे १३ किलोमीटरचा फ्रेजुस बोगदा आणि १८८२ साली स्वित्झर्लंडमधला १५ किलोमीटरचा गॉटहार्ड बोगदा खुला झाला. जिथे हमाल खुर्ची खांद्यावर घेऊन बर्फातून चढत होते, त्याच डोंगररांगेच्या पोटातून आगगाडी अर्ध्या तासाच्या आसपास पार होऊ लागली. १८८३ साली पॅरिसहून पूर्वेकडे ओरिएंट एक्सप्रेस निघाली आणि गादीवर झोपून सरहद्दी ओलांडण्याची सोय झाली.

टॉमस कुक आणि कूपनांची वही

ही सगळी साधने एका तिकिटात बांधण्याचे काम टॉमस कुकने केले. कुक हा बॅप्टिस्ट पंथाचा, दारूबंदीचा कट्टर प्रचारक. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोपर्यंत दारूबंदीच्या सभेसाठी खास आगगाडी नेली. सुमारे पाचशे माणसे एकेक शिलिंग भरून तीत बसली. गुत्त्याऐवजी माणसांना दुसरा आनंद द्यावा, ही त्यामागची श्रद्धा होती आणि पुढच्या साऱ्या धंद्यात ती टिकली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाला त्याने सुमारे दीड लाख लोक नेले. १८५५ साली पॅरिसला प्रदर्शन भरले, तेव्हा तो पहिली मंडळी युरोपात घेऊन गेला. डोव्हर-कॅले मार्गावरच्या कंपन्यांनी सवलत दिली नाही, म्हणून हार्विचहून अँटवर्प, ब्रसेल्स, कोलोन, राइनचा काठ, हायडेलबर्ग, स्ट्रासबर्ग आणि पॅरिस असा वळसा त्याने घेतला. आज ‘बेल्जियम-जर्मनी-फ्रान्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सहलीचा नकाशा याहून फार वेगळा नसतो. १८६३ साली स्वित्झर्लंड आणि १८६४ साली इटली या सहली सुरू झाल्या.

कुकचा मोठा शोध १८६८ साली आला. त्याने हॉटेलांशी करार करून कूपने छापली. एका कूपनावर रात्रीचा मुक्काम, एकावर न्याहारी, एकावर जेवण. प्रवाशाने घरून निघतानाच वही विकत घ्यायची आणि जागोजागी एकेक पान फाडून द्यायचे. १८७४ साली त्याने परदेशात वटवता येणाऱ्या छापील रकमेच्या नोटा काढल्या. प्रवासी धनादेशांचे ते आधीचे रूप. भाषा न येणाऱ्या, परक्या नाण्यांचा हिशेब न कळणाऱ्या माणसाची सर्वांत मोठी भीती फसवले जाण्याची असते. ती भीती या वहीने पुष्कळ कमी केली.

कुकच्या सहलींचा सर्वाधिक फायदा स्त्रियांना झाला. १८६३ च्या स्वित्झर्लंड सहलीत जेमायमा मॉरेल नावाची इंग्रज तरुणी होती. लांब झग्यात बर्फाचे उतार आणि खिंडी चढून तिने रोजनिशी लिहिली. ती हस्तलिखितच राहिली आणि विसाव्या शतकात छापली गेली. कुकच्या मंडळीत अविवाहित बायका, शिक्षिका, मध्यमवयीन जोडपी असत. प्रतिष्ठित घरातल्या बाईने नातेवाइकाशिवाय परदेशात फिरणे कुकच्या देखरेखीमुळे समाजाला चालू लागले. या नव्या प्रवाशांवर टीकाही झाली. १८६५ साली ला स्पेत्सियाचा ब्रिटिश उपवाणिज्यदूत आणि कादंबरीकार चार्ल्स लीव्हर याने टोपणनावाने लेख लिहून कुकची माणसे म्हणजे हाकत नेलेले कळप आहेत, असे म्हटले. कुकने त्याला जाहीर उत्तर दिले. देवाने निर्माण केलेली पृथ्वी सौंदर्याने भरलेली आहे आणि ती थोड्यांसाठी राखून ठेवण्याचा कोणालाही अधिकार नाही, या भूमिकेवर तो शेवटपर्यंत ठाम राहिला. त्यानंतरची दीडशे वर्षे याच वादाची आवर्तने आहेत.

व्हेनिसची नाव

जोडीने पाहायच्या शहरांत व्हेनिसचे स्थान पहिले. हे शहर स्वतःच लग्नाची भाषा बोलत आले होते. दरवर्षी येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे डोज, सोन्याने मढवलेल्या राजनौकेतून समुद्रात जाई आणि पाण्यात अंगठी टाकून समुद्राशी शहराचा विवाह लावी. ग्रँड टूरचे प्रवासी या सोहळ्यासाठी मुद्दाम मुक्काम लांबवत. १७९७ साली नेपोलियनने प्रजासत्ताक संपवले आणि लवकरच राजनौकेवरचे सोने काढून घेण्यासाठी ती जाळली गेली. सोहळा थांबला, पण राज्य गेलेले, वैभव ओसरलेले, पाण्यावर तरंगणारे शहर प्रेमिकांना अधिकच ओढू लागले.

गोंडोला ही तिथली नाव मुळात रोजच्या वापराची. आपल्याकडे टांगा होता, तशी. सुमारे अकरा मीटर लांबीची ही नाव आठ प्रकारच्या लाकडांच्या दोनशे ऐंशी तुकड्यांतून जोडतात आणि ती मुद्दाम वाकडी बांधतात. डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे २४ सेंटिमीटर रुंद असते. नावाडी मागच्या टोकाला उभा राहून एकाच वल्ह्याने, तेही उजव्या बाजूला, नाव चालवतो. सरळ बांधणीची नाव अशाने गोलगोल फिरत राहील. वाकडेपणामुळे ती सरळ जाते. वल्हे ज्या आधारावर टेकते तो अक्रोडाच्या लाकडाचा कोरीव तुकडा असतो आणि त्याच्या प्रत्येक खाचेत वल्हे टेकवले की चाल बदलते. एकीने पुढे, दुसरीने मागे, तिसरीने वळण. पुढच्या टोकाच्या लोखंडी फणीचे सहा दात शहराच्या सहा भागांचे मानले जातात. काळा रंग सोळाव्या शतकातल्या उधळपट्टीविरोधी कायद्यातून आला. श्रीमंतांची नावा सजवण्याची चढाओढ थांबावी, म्हणून सर्वांना एकच रंग ठरवून दिला गेला.

पूर्वी गोंडोलावर काढता-घालता येणारे लाकडी छत असे. त्याच्या आत बसलेल्यांना पाऊस लागत नसे आणि लोकांची नजरही. विसाव्या शतकात ते छत गेले, कारण आता बसणाऱ्यांना बाहेरचे शहर पाहायचे होते. कोणे काळी हजारोंनी असलेल्या गोंडोला आज सुमारे चारशे उरल्या आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्याच पाहुण्यांसाठी चालतात.

पगारी सुट्टीपासून शेंगेनपर्यंत

कुकच्या काळातही परदेशी सहल मध्यमवर्गाच्या वरच्या थरापुरतीच होती. कामगाराकडे पैशापेक्षा वेळ कमी होता. १९३६ साली फ्रान्सच्या पॉप्युलर फ्रंट सरकारने सर्व कामगारांना वर्षाला दोन आठवडे पगारी सुट्टीचा हक्क दिला. ब्रिटनने १९३८ साली पगारी सुट्टीचा कायदा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर बस, जेट विमान आणि १९५९ साली आलेला युरेल पास यांनी एकाच सुट्टीत अनेक देश पाहण्याची चाल वाढवली. १९६९ सालच्या एका अमेरिकी चित्रपटात अठरा दिवसांत नऊ देश फिरणारी मंडळी दाखवली आहे. ग्रँड टूरची तीन वर्षे तीन आठवड्यांवर आली होती.

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी मोझेल नदीतल्या बोटीवर पाच देशांनी सीमातपासणी उठवण्याचा करार केला. २६ मार्च १९९५ पासून तो अमलात आला. १ जानेवारी २००२ पासून युरोची नाणी आणि नोटा हातात आल्या. आता एका व्हिसावर आणि एका चलनात पॅरिसहून व्हेनिसला जाता येते. कुकच्या कूपनवहीचे काम सरकारांनीच पुरे केले.

मराठी माणसे या वाटेवर

मराठी मुलखातून या वाटेवर गेलेल्यांचा क्रमही एकट्यापासून जोडीकडे असाच आहे. १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि मुंबईहून युरोप जवळ आले. पुढच्याच वर्षी कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज कॅप्टन वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे वीस. दहन तिथे रूढ नव्हते. खास परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. १८७४ साली तिथे छत्री उभारून आत त्यांचा अर्धपुतळा बसवला. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला ‘इंडियानो’ म्हणतात आणि १९७८ साली जवळच झालेल्या पुलालाही तेच नाव मिळाले. त्यांची प्रवासाची रोजनिशी १८७२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली.

१८८७ साली बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज प्रकृतीसाठी युरोपला निघाले, ते महाराणी चिमणाबाईंसह. समुद्र ओलांडला की प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्या काळातली ही गोष्ट. पडद्यात वाढलेल्या चिमणाबाईंनी या आणि पुढच्या अनेक प्रवासांत तिथल्या बायकांच्या शाळा, संस्था आणि उद्योग डोळसपणे पाहिले. १९११ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या भारतीय स्त्रीच्या स्थितीवरील पुस्तकाच्या त्या सहलेखिका आहेत. त्यांनी पुढे पडद्याची चाल सोडली आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. जोडीने केलेला प्रवास बाईला किती पुढे नेऊ शकतो, हे त्यांच्या आयुष्यात दिसते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून कैरो आणि जिनीव्हामार्गे लंडनला गेले. तरी परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे सामान्य माणसाला युरोप लांबच होता. अशा काळात पु. ल. देशपांडे टेलिव्हिजनच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेले, बरोबर पत्नी सुनीताबाई होत्या. त्या प्रवासाचे ‘अपूर्वाई’ हे पुस्तक १९६० साली निघाले आणि असंख्य मराठी घरांनी आपला पहिला युरोप त्या पानांत पाहिला. १९६४ सालच्या ‘संगम’ चित्रपटातल्या नवविवाहित जोडीने पॅरिस, व्हेनिस आणि स्वित्झर्लंड पडद्यावर आणले. २००४ साली रिझर्व्ह बँकेने प्रत्येकाला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची मुभा दिली आणि चलनाची जुनी अडचण मोठ्या प्रमाणात सरली.

या वाटेला मराठी मध्यमवर्गाने स्वतःचे वळण दिले. इंग्रजांकडे युरोपचा प्रवास लग्नाच्या आरंभी येतो. मराठी घरांत तो पुष्कळदा लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला किंवा निवृत्तीनंतर येतो. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते संपल्यावर, ग्रॅच्युइटीच्या पैशांतून किंवा परदेशी स्थिरावलेल्या मुलांच्या आग्रहाने दोघे निघतात. मुंबई-पुण्याच्या टूर कंपन्यांनी मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि रात्रीच्या जेवणात वरण-भात देऊन या वयाच्या जोडप्यांची भीड मोडली. कुकने जे इंग्रज शिक्षिकेसाठी केले, तेच हे काम आहे.

वाटेवरचा भार

लोकप्रियतेचा भार आता शहरांना जाणवतो आहे. पॅरिसच्या पाँ दे झार या पादचारी पुलाच्या जाळीला कुलूप लावून किल्ली सेन नदीत टाकायची आणि आपले प्रेम बांधून ठेवायचे, अशी जोडप्यांची रीत २००८ च्या सुमारास सुरू झाली. २०१४ च्या जूनमध्ये कुलपांच्या वजनाने जाळीचा एक भाग कोसळला. १ जून २०१५ पासून पालिकेने जाळ्या उतरवल्या, तेव्हा सुमारे ४५ टन कुलपे निघाली. त्यांतली काही २०१७ साली लिलावात विकून पैसे निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिले गेले.

व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ साली ती संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. भाडेकरूंच्या घरांची जागा पाहुण्यांच्या खोल्यांनी घेतली. २०२१ साली मोठ्या प्रवासी जहाजांना शहरासमोरून जायला बंदी झाली. २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्याकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेणे सुरू झाले. शहरात मुक्काम करणाऱ्याला हे शुल्क पडत नाही. सकाळी येऊन, पुलावर फोटो काढून संध्याकाळी निघून जाणाऱ्यापेक्षा रात्री राहणारा पाहुणा शहराला हवा आहे. रस्किन आणि एफी तिथे पहिल्या खेपेला चार महिने राहिले होते. जुन्या वाटेवरचे हे शहर नव्या जोडप्यांकडून आता थोडा जास्त वेळ मागते आहे.